दुसरा पडदा घेण्याआधी

माझी भाची कऱ्हाडला राहते आणि पुण्यातल्या एका चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसचं काम घरून करते. महिन्यातून तीन-चार दिवस पुण्याला जावं लागतं, बाकी सगळं घरच्या टेबलावर. व्यापाऱ्यांच्या खरेदीची बिलं टॅलीत भरायची आणि जीएसटीच्या पोर्टलवरून उतरवलेल्या २बी या तक्त्याशी ती जुळवून पाहायची, हे तिचं काम. बिल एका खिडकीत, टॅली दुसऱ्या खिडकीत, तक्ता तिसऱ्या खिडकीत आणि हे सगळं १४ इंची लॅपटॉपवर. आकडा बघायचा, डोक्यात धरायचा, खिडकी बदलायची, टाइप करायचा. दिवसातून शंभर वेळा हे केलं की ४७,३५० चे ४३,७५० कधी होतात ते कळतही नाही. (ताळ्यातला फरक नऊने भागला गेला की कुठेतरी आकडे उलटसुलट झालेत, हे जुने हिशेबनीस बरोबर ओळखतात. इथेही फरक ३,६००.) असा एक फरक शोधता शोधता एकदा रात्रीचे साडेअकरा वाजले, तेव्हा तिने साठवलेल्या पैशांतून एक दुसरा पडदा घेतला. पिशवीत घालून नेता येतो तसा, १५.६ इंची पोर्टेबल मॉनिटर.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "मामा, नवा मॉनिटर लावलाय, पण चित्रच येत नाही. कंपनीचं नाव दिसतं, मग 'नो सिग्नल' म्हणतो आणि काळा पडतो. खराब निघाला की काय? दुकानदार म्हणतो, खोकं उघडलंय, आता परत घेणार नाही. या ना जरा."

मी बरीच वर्षं संगणकदुरुस्तीची कामं केली आहेत, त्यामुळे नातेवाइकांत असे फोन मलाच येतात. साताऱ्याहून कऱ्हाड काही लांब नाही. गेलो. मॉनिटर अगदी ठणठणीत होता. कंपनीचं नाव दिसत होतं, याचा अर्थ पडद्याला वीज पोचत होती. पोचत नव्हतं ते चित्र. आणि दुसरा पडदा घेणाऱ्या निम्म्याअधिक लोकांची गाडी माझ्या अनुभवात इथेच अडते, म्हणून आधी तेच नीट सांगतो.

कोणत्याही मॉनिटरला दोन गोष्टी लागतात, चित्र आणि वीज. घरच्या मोठ्या मॉनिटरला त्यासाठी दोन वेगळ्या वायरी असतात, एक संगणकाकडून येणारी आणि एक भिंतीतल्या प्लगमधून. पोर्टेबल मॉनिटरची जाहिरात असते ती 'एकाच वायरीवर चालतो' अशी. ही एक वायर म्हणजे यूएसबी टाइप-सी. आपल्या फोनच्या चार्जरला असते ती, लंबगोल तोंडाची, उलटीसुलटी कशीही बसणारी. २०१४ साली ती आली. तिच्या एवढ्याशा तोंडात २४ पिना बसतात आणि त्यांतून वीज, माहिती, चित्र असं सगळं नेता येतं. नेता येतं म्हटलं, नेतेच असं म्हटलं नाही. घोटाळा आहे तो इथे.

एसटीच्या लाल गाड्या बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. कुठली गाडी पाटणला जाणार आणि कुठली पंढरपूरला, ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. टाइप-सीचं तसंच आहे. फरक एवढाच की इथे बहुतेकदा पाटीच लावलेली नसते. एखाद्या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतं, एखाद्याच्या फक्त माहिती जाते-येते, एखाद्याचा चार्ज होण्यापुरताच उपयोग. तोंड तिघांचं एकच. आणि हीच गोष्ट केबलची.

भाचीने आधी फोनच्या चार्जरची केबल लावली होती. खोक्यातली केबल आखूड वाटली म्हणून. आता हिशेब बघा. १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३०० कोटी बिट होतात. फोनबरोबर येणाऱ्या साध्या केबलमध्ये बहुधा जुन्या यूएसबी २.० च्याच तारा असतात आणि त्यांची कमाल मजल सेकंदाला ४८ कोटी बिटांची. चित्र नेण्यासाठी ज्या जास्तीच्या वेगवान तारांच्या जोड्या लागतात, त्या या केबलमध्ये घातलेल्याच नसतात. चार्जिंगला त्यांचं कामच नाही, मग कशाला घालतील? म्हणून मॉनिटरच्या खोक्यातून आलेली केबलच वापरायची. दुसरी घ्यायची वेळ आली तर 'व्हिडिओ चालतो' असं स्पष्ट लिहिलेली आणि शक्यतो एक मीटरच्या आतली घ्यावी.

मी खोक्यातली केबल लावली. तरीही 'नो सिग्नल'. म्हणजे दोष केबलचा तर होताच, पण पुढे लॅपटॉपच्या पोर्टचाही होता. लॅपटॉप उलटा करून मॉडेलचा क्रमांक घेतला, कंपनीच्या संकेतस्थळावर माहिती काढली. टाइप-सीच्या पुढे लिहिलं होतं, 'डेटा ओन्ली'. संपलं. त्या पोर्टमधून चित्र कधीच बाहेर पडणार नव्हतं. केबल सोन्याची आणली असती तरी.

दुकानात भाचीने विचारलं होतं, "माझ्या लॅपटॉपला चालेल ना?" त्यावर उत्तर मिळालं होतं, "टाइप-सी आहे ना? मग चालतंच." प्रश्न बरोबर होता, उत्तर अर्धवट होतं.

तेव्हा मंडळी, मॉनिटर बघायला जाण्याआधी आपला लॅपटॉप बघा. रेडिओवरून मला पोर्ट दाखवता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. टाइप-सीच्या खाचेशेजारी बाणाच्या टोकाची छोटी वीज कोरलेली असेल तर तो थंडरबोल्ट पोर्ट, त्यातून चित्र येतं. इंग्रजी 'डी' अक्षराच्या पोटात 'पी' बसवल्यासारखी खूण असेल तर ती डिस्प्लेपोर्टची, तिथूनही चित्र येतं. नुसता यूएसबीचा त्रिशूळ आणि शेजारी ५ किंवा १० आकडा असेल तर तो वेग झाला, चित्राची त्यात हमी नाही. काहीच खूण नसेल तरी आशा सोडू नका. मॉडेलचा क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीत 'डिस्प्लेपोर्ट अल्ट मोड', 'थंडरबोल्ट' किंवा 'यूएसबी ४' यांपैकी एखादा शब्द सापडतो का ते पाहा. सापडला तर एक केबल पुरेल.

याहून सोपी परीक्षा घरच्या टीव्हीवर होते. टाइप-सी ते एचडीएमआय असा छोटा अडॅप्टर ओळखीच्या कोणाकडून तासभर मागून आणा आणि लॅपटॉप टीव्हीला जोडा. टीव्हीवर लॅपटॉपचं चित्र उमटलं, तर टाइप-सीचा पोर्ट चित्र देणारा आहे. मॉनिटर घेऊन फसण्यापेक्षा ही उसनवारी बरी.

भाचीच्या लॅपटॉपला एचडीएमआयची खाच होती, टीव्हीला असते तीच, रुंद आणि खालचे कोपरे कापल्यासारखी. एचडीएमआयचं एक बरं आहे. लॅपटॉपवर ती असली म्हणजे चित्र येणारच, कारण तिचं कामच ते. मॉनिटरला मात्र बहुतेकदा मिनी एचडीएमआय असते. तेव्हा एका टोकाला मोठं आणि दुसऱ्या टोकाला लहान तोंड असलेली केबल लागते. ती खोक्यातच निघाली, भाचीने ती 'कशाची कोण जाणे' म्हणून बाजूला ठेवली होती. एचडीएमआयमधून वीज येते ती नावापुरती, तिच्यावर पडदा चालत नाही. म्हणून चित्राला एचडीएमआय आणि विजेसाठी टाइप-सी अशा दोन वायरी लावल्या.

चित्र आलं! भाचीने हौसेने ब्राइटनेस वाढवला आणि पडदा फटकन बंद पडून पुन्हा सुरू झाला. पुन्हा वाढवला, पुन्हा बंद. तिचा चेहरा पुन्हा उतरला. पण हाही दोष मॉनिटरचा नव्हता. पुस्तिकेत लिहिलं होतं, ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. लॅपटॉपचा प्रत्येक यूएसबी पोर्ट एवढी वीज देतोच असं नाही. यूएसबी ३ च्या साध्या पोर्टची हमी असते ०.९ अँपिअरची, म्हणजे साडेचार वॉटची. मंद उजेडात तेवढ्यावर पडदा कसाबसा तग धरतो, उजेड वाढवला की मान टाकतो. विजेची वायर लॅपटॉपमधून काढून फोनच्या २० वॉटच्या पीडी चार्जरला लावली आणि प्रश्न मिटला. पडदा लुकलुकतो, मध्येच बंद पडतो, अशी तक्रार असेल तेव्हा आधी वीज तपासा.

ज्यांच्या लॅपटॉपला टाइप-सीतून चित्रही नाही आणि एचडीएमआयही नाही, त्यांच्यासाठी डिस्प्लेलिंक नावाची तिसरी वाट आहे. यात चित्र आकसून साध्या यूएसबीतून पाठवलं जातं. पण त्यासाठी लॅपटॉपवर वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर बहुतेक ठिकाणी आपल्या मनाने ते टाकता येत नाही. आधी विचारून घ्या.

आता एक आडवा प्रश्न. पोर्टेबल मॉनिटर तुम्हाला हवाच आहे का? जो माणूस एकाच टेबलावर बसून काम करतो आणि मॉनिटर कुठे नेणार नाही, त्याला माझा सल्ला असतो की हा घेऊ नकोस. तेवढ्याच पैशांत बहुधा २२ किंवा २४ इंची साधा मॉनिटर येतो, तो डोळ्यांना सोयीचा आणि टेबलावर घट्ट उभा राहणारा. घरात टॅब्लेट पडून असेल तर आधी तोच दुसरा पडदा म्हणून वापरून बघा. अॅपलच्या संगणकांना आयपॅड असा जोडण्याची सोय २०१९ पासून आहे, विंडोज आणि अँड्रॉइडसाठीही सॉफ्टवेअर मिळतात. वायफायवर चित्र किंचित मागे राहतं, पण बिल वाचायला तेवढं चालतं. पोर्टेबल घ्यावा तो जा-ये करणाऱ्याने, किंवा ज्याचं टेबल संध्याकाळी जेवणाचं होतं त्याने. भाचीच्या बाबतीत दोन्ही खरं होतं.

निवडताना फार भुलू नका. १५.६ इंच हे माप बहुतेकांना पुरतं. तो पडदा ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.५ सेंटिमीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे आडव्या ए-४ कागदापेक्षा थोडा रुंद आणि थोडा बुटका. ठिपके १,९२० गुणिले १,०८० असावेत. जाहिरातीत '४के चालतं' असं लिहिलेलं असलं तर दोनदा वाचा. काही ठिकाणी त्याचा अर्थ मॉनिटर ४के चित्र स्वीकारतो एवढाच असतो, दाखवतो मात्र साध्याच ठिपक्यांत. आणि खरोखरचा ४के असला तरी या मापावर अक्षरं इतकी बारीक होतात की ती मोठी करूनच वाचावी लागतात. हिशेबाच्या कामाला त्याचा उपयोग नाही. पॅनेल आयपीएस प्रकारचं हवं. दुसरा पडदा आपण नेहमी तिरक्या नजरेने बघतो आणि स्वस्त टीएन पॅनेल तिरकं पाहिलं की रंग बदलतं.

उजेड मोजतात 'निट्स'मध्ये. खिडकीपाशी बसणाऱ्याने ३०० निट्सच्या आसपासचा घ्यावा, २२० वाला भर दुपारी फिका पडतो. पृष्ठभाग मॅट असावा, नाहीतर मागचा ट्यूबलाइट आकड्यांवर चमकत राहतो. फोटो किंवा छपाईचं काम करणाऱ्यांनी रंगांचा आकडा बघावा, एसआरजीबी १०० टक्क्यांच्या जवळ हवा. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालू नयेत. टचस्क्रीनची हौस असेल तर हे ध्यानात ठेवा की एचडीएमआयने जोडल्यावर बोटाचा स्पर्श लॅपटॉपला कळायला आणखी एक यूएसबी वायर लागते.

एका गोष्टीकडे मात्र कोणी बघत नाही, ती म्हणजे पडदा उभा कशावर राहतो. पुष्कळ मॉनिटरना घडीचं कव्हर असतं, तेच दुमडून टेकू करायचा. त्यात जेमतेम दोन-तीन कोन मिळतात आणि गुळगुळीत टेबलावर ते सरकतं. मागे धातूची बिजागरीची पट्टी असेल तर हवा तो कोन मिळतो. दुकानात मॉनिटर टेबलावर उभा करून घ्या, वायरी लावा आणि टेबलाला हलकासा धक्का द्या. पडणारा असेल तर तिथेच पडेल. हमी किती वर्षांची, सेवा केंद्र जवळ कुठे, एखादा ठिपका मेलेला निघाला तर बदलून देणार का आणि लॅपटॉपवर चित्रच आलं नाही तर किती दिवसांत परत घेणार, हे पैसे देण्याआधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. भाचीला हा शेवटचा प्रश्न सुचला नव्हता.

वायरी लागल्या, चित्र आलं, की पुढचं काम पाच मिनिटांचं. मॉनिटरला एकाहून अधिक खाचा असतील तर त्याच्या मेनूत योग्य ती निवडली आहे ना ते पाहा. पहिल्यांदा बहुधा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसतं आणि माणसाला वाटतं, याचा काय उपयोग? विंडोजमध्ये विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबा. चार पर्याय येतात, त्यांतला 'एक्स्टेंड' घ्या. आता दोन्ही मिळून एक लांब टेबल झालं. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. टेबलावर नवा पडदा डावीकडे असेल तर चौकोनही ओढून डावीकडे न्या. हे केलं नाही तर माउस उजवीकडे ढकलावा तेव्हा तो डाव्या पडद्यावर उगवतो आणि अर्धा दिवस चिडचिडीत जातो. दोन्हीकडची अक्षरं सारख्या आकाराची दिसेपर्यंत 'स्केल'ची टक्केवारी बदला, प्रत्येक पडद्याची वेगळी ठेवता येते. लांबच लांब बिलं किंवा मजकूर वाचायचा असेल तर मॉनिटर उभा करून ओरिएंटेशन 'पोर्ट्रेट' करा. भाषांतर आणि मुद्रितशोधन करणाऱ्यांना ही युक्ती फार आवडते.

एचडीएमआय जोडल्यावर लॅपटॉपचा आवाज गेला असं वाटलं तर घाबरू नका, तो मॉनिटरच्या स्पीकरकडे गेलेला असतो. आवाजाच्या खुणेवर जाऊन परत बोलवा. आणि एखादी खिडकी दुसऱ्या पडद्यावर अडकून दिसेनाशी झाली तर विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकत्र दाबा, ती या पडद्यावर उडी मारते.

टेबलाचं थोडं सांगतो. पोर्टेबल मॉनिटर लॅपटॉपसारखाच बुटका. दोन बुटके पडदे शेजारी ठेवून आठ तास खाली बघितलं तर मान धरायची ती धरणारच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी, अंतर हातभर असावं. त्यासाठी मोठा खर्च नको, जाड पुस्तकं पुरतात. भाचीने लॅपटॉपखाली जुन्या डिरेक्टरीज लावल्या, मॉनिटरखाली लाकडी पाट ठेवला आणि कीबोर्ड वेगळा घेतला. ज्या पडद्याकडे जास्त वेळ बघता तो बरोबर समोर ठेवा, दुसरा शेजारी थोडा आत वळवून. तिने टॅली समोर ठेवली आणि बिलं डाव्या हाताला, पूर्वी कागदी बिलांची थप्पी असायची तिथेच.

लाइट गेल्यावर काय, हे तिने त्याच दिवशी विचारलं. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण मॉनिटरला स्वतःची बॅटरी सहसा नसते. तो चार्जरवर असेल तर बंद पडतो आणि लॅपटॉपवर घेतला तर लॅपटॉपची बॅटरी खातो. १० वॉटचा मॉनिटर फोनच्या पॉवर बँकेवर चालतो. १०,००० एमएएचच्या बँकेत हिशेबाने ३७ वॉट-तास भरतात, त्यातले काही वाटेत गळतात, तरी ब्राइटनेस थोडा उतरवून तीनेक तास निघतात.

पुण्याला जाताना ती मॉनिटर लॅपटॉपला तोंड लावून, मध्ये कव्हर घालून पिशवीत ठेवते. चार्जरची वीट वेगळ्या कप्प्यात, पडद्यावर तिचा दाब यायला नको म्हणून. खोक्यातली टाइप-सी केबल तिला आज चित्रासाठी लागत नाही, पण पुढचा लॅपटॉप घेताना चित्र देणारा पोर्ट बघूनच घ्यायचा, हे तिने ठरवलं आहे. तोवर ही केबल घरातल्या फोनच्या केबलींत मिसळू नये म्हणून तिच्या टोकाला लाल दोरा बांधून ठेवला आहे.